जंतू दोन, जनुक एकच

मिरजेत लॅबच्या खिडकीशी रिपोर्ट घेऊन उभे असलेले नातेवाईक रोजचेच. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी इथे रुग्णालय उभारलं, तेव्हापासून जत, आटपाडी, अथणी, विजापूर अशा लांबलांबच्या गावांची माणसं आजार घेऊन मिरज गाठतात. मध्यंतरी जतच्या एका मुलाने आईचे दोन कल्चर रिपोर्ट माझ्यापुढे धरले. लघवीत क्लेब्सिएला, जखमेच्या पुवात ई. कोलाय. "मॅडम, जंतू तर वेगवेगळे आलेत. मग दोघांना औषधं तीच कशी लागू पडत नाहीत?"

मी दोन्ही प्लेटा पुन्हा काढल्या. प्लेटवर जंतू पसरून त्यावर अँटिबायोटिकच्या बारीक कागदी चकत्या ठेवतात. औषध लागू पडत असेल तर रात्रीतून चकतीभोवती स्वच्छ गोल कडं उमटतं. इथे मेरोपेनेम या भारी अँटिबायोटिकच्या चकतीला जंतू पार कडेपर्यंत भिडले होते, दोन्ही प्लेटांवर.

औषधं बाजारात आल्यावर जंतू ती पचवायला शिकले, असं आपण धरून चालतो. पण एब्रहॅम आणि चेन या शास्त्रज्ञांनी कोलाय जंतूत पेनिसिलिन नासवणारं विकर (एन्झाइम) असल्याचं ऑक्सफर्डहून कळवलं ते डिसेंबर १९४० मध्ये. तिथल्या आजारी पोलिसाला पेनिसिलिन टोचलं गेलं ते त्यानंतर, फेब्रुवारी १९४१ मध्ये. मातीतल्या बुरशा आणि जिवाणू युगानुयुगं एकमेकांवर हीच रसायनं सोडत आले आहेत. त्यावरचा तोडही मातीतच तयार झाला. मातीतली ही जनुकं दवाखान्यातल्या जंतूंपर्यंत पोचली कशी, हा खरा प्रश्न.

त्याचा धागा सापडला जपानात. युद्धानंतर तिथे रक्ती हगवणीच्या साथी येत होत्या. सल्फाच्या गोळ्या निकामी झाल्या, आणि १९५०च्या दशकात सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल या चौघांनाही दाद न देणारा शिगेला, म्हणजे हगवणीचा जंतू, मिळू लागला. आपोआप होणारे चार बदल एकाच जंतूत एकदम घडणं जवळजवळ अशक्य. त्यात त्याच रुग्णांच्या आतड्यातला ई. कोलायही नेमक्या त्याच चार औषधांना जुमानत नव्हता. १९५९ मध्ये ओचिआई आणि अकिबा यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं की दोन्ही जंतू नळीत एकत्र वाढवले तर चारही औषधांचा प्रतिकार एकाकडून दुसऱ्याकडे जातो. हे लेख जपानी भाषेत होते. बाकी जगाचे डोळे उघडले ते वातानाबे यांनी १९६३ मध्ये इंग्रजीत आढावा लिहिल्यावर.

जाते ती वस्तू म्हणजे प्लाझ्मिड, डीएनएचं सुटं कडं. हा शब्द लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये रूढ केला. एक जंतू दुसऱ्याकडे बारीक नळीसारखा तंतू टाकतो, त्याला जवळ ओढतो आणि कड्याच्या दोन धाग्यांपैकी एक त्याला देतो. दोघंही आपापल्या धाग्याची जोडी पूर्ण करून घेतात, म्हणजे देणाऱ्याचं काहीच कमी होत नाही. जातकुळी वेगळी असली तरी चालतं. पुढे १९७४ मध्ये कळलं की जनुकं एका प्लाझ्मिडवरून दुसऱ्यावर उडीही मारतात. त्यामुळे एकाच प्लाझ्मिडवर पाचसहा औषधांच्या प्रतिकाराची गठडी जमते. मला सगळ्यात जास्त छळते ती ही गठडी. त्यातल्या एका औषधाचं सलाइन लावलं तरी गठडी बाळगणारे तेवढे जगतात आणि बाकीची पाच जनुकं फुकटात टिकतात. अतिदक्षता विभागात अशी औषधं दिवसरात्र चालू असतात. कॅथेटर, व्हेंटिलेटरच्या नळ्या, बेसिनखालचा पाइप इथल्या बुळबुळीत थरात वेगवेगळे जंतू एकमेकांना चिकटून राहतात.

२००८ मध्ये दिल्लीला येऊन गेलेल्या एका रुग्णाच्या लघवीत स्वीडनमध्ये मेरोपेनेमला न जुमानणारा क्लेब्सिएला सापडला. त्याच्या जनुकाला एनडीएम-१ म्हणतात, त्यातलं एनडी म्हणजे नवी दिल्ली. या नावावरून २०१० मध्ये आपल्याकडे केवढा गदारोळ झाला! त्या गदारोळात महत्त्वाची गोष्ट मागे पडली. त्याच रुग्णाच्या शौचातल्या ई. कोलायमध्येही तेच जनुक मिळालं होतं. जपानचीच कहाणी, फक्त औषध कितीतरी भारी.

मेरोपेनेम आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन्स ही अँटिबायोटिक्स १ मार्च २०१४ पासून औषधविक्रीच्या नियमांतल्या एच-१ यादीत आहेत. रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव मेडिकलवाल्याने वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षं ठेवायची. मेरोपेनेम हरलं की हाताशी उरायचं ते कोलिस्टिन. त्याचंही प्लाझ्मिडवरचं जनुक २०१५ मध्ये चीनमधून जाहीर झालं, आणि २०१९ मध्ये आपल्याकडे कोंबड्या-जनावरांना कोलिस्टिन द्यायला बंदी आली.

त्या मुलाला मी यातलं जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. त्याने लगेच विचारलं, "मग हे आईच्या पोटातच झालं, का वॉर्डात?" ते चकत्यांवरून कळत नाही, प्लाझ्मिड वाचावं लागतं. आईचे दोन्ही जंतू मी ग्लिसरॉलमध्ये घालून, तारीख टाकून, डीप फ्रीजरमध्ये ठेवले आहेत.