किमो-रेडिएशन चालू असताना तोंडातली बुरशी: पेशंटच्या घरच्यांसाठी माहिती

आमच्या मेडिकलमधून कॅन्सरची औषधे नेणाऱ्या घरांसाठी हे पत्रक आहे. काउंटरवर नेहमी ऐकू येते, "तोंड आलंय, बी-कॉम्प्लेक्स द्या." पेशंटचे किमो किंवा रेडिएशन चालू असेल तर आम्ही गोळ्या देण्याआधी विचारतो, "तोंडात नीट पाहिलंत का?" कारण तोंड जसे उपचाराने सोलले गेलेले असू शकते, तशी तिथे बुरशीही धरलेली असू शकते, आणि बुरशी बी-कॉम्प्लेक्सने जात नाही.

ही बुरशी म्हणजे कॅन्डिडा. कितीतरी धडधाकट माणसांच्या तोंडात ती कायम असते आणि काही त्रास देत नाही. म्हणून स्वॅबच्या रिपोर्टवर 'कॅन्डिडा' दिसला तर घाबरून जाऊ नका. त्रास काय होतोय हे पाहून उपचार द्यायचे की नाही ते डॉक्टर ठरवतात. एरवी लाळ, तोंडातले इतर जंतू आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिला आवरून धरतात. कॅन्सरच्या उपचारात नेमके हेच तिन्ही कमी-जास्त होतात.

त्यात लाळेचे महत्त्व लोकांच्या लक्षात येत नाही. निरोगी माणसाला दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. ती तोंड सतत धुते, शिवाय बुरशीला मारणारी प्रथिने तिच्यात असतात. तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरला रेडिएशन देताना लाळग्रंथी किरणांच्या वाटेत येतात. मग लाळ आटते, चिकट होते, आणि हा कोरडेपणा उपचार संपल्यावरही कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे राहतो. तंबाखू-मिश्रीमुळे आपल्याकडे या कॅन्सरचे पेशंट खूप आहेत, म्हणून हे एवढे सविस्तर सांगतो आहोत.

किमोने पांढऱ्या पेशी उतरतात. बराच काळ चाललेली अँटिबायोटिक्स, उलटी थांबवायला दिलेले डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड, वाढलेली शुगर आणि न सुटलेला तंबाखू यांनीही बुरशीला वाव मिळतो.

आणि कवळी! वरच्या कवळीच्या आतल्या बाजूला बुरशी चिकटून बसते, टाळू लालबुंद होते, पण दुखत नसल्याने कोणी पाहत नाही. रात्री कवळी काढून ठेवा, ब्रशने घासा, डेंटिस्टने सांगितलेल्या द्रावणात भिजवा. कवळीत धातू असेल तर ब्लीच वापरू नका. तोंडात औषध लावले आणि कवळी तशीच ठेवली, तर बुरशी पुन्हा येते.

रोज एकदा मोबाइलच्या टॉर्चने जीभ, गालांची आतली बाजू आणि टाळू पाहा. बुरशी असेल तर बहुधा नासलेल्या दुधाच्या गुठळ्यांसारखे पांढरे ठिपके दिसतील. ओल्या गॉजने हलकेच पुसले तर निघतात आणि खाली लाल दिसते. खरवडू मात्र नका. पांढरा चट्टा पुसून निघत नसेल तर तोही डॉक्टरांना दाखवा, तंबाखू खाणाऱ्यांनी तर नक्कीच. कधी पांढरे काहीच नसते, नुसती आग होते, चव जाते किंवा ओठांचे कोपरे फाटतात.

घास गिळताना छातीत दुखत असेल तर बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. किमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त आला, तर पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नका. रात्र असली तरी हॉस्पिटलला फोन करा.

घरी करण्यासारखे फार खर्चाचे नाही. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरा. हे पाणी रोज ताजे करा. ब्रश मऊ घ्या. तोंड सुकते म्हणून खडीसाखर चघळत ठेवण्याची सवय आम्ही बऱ्याच घरांत पाहतो. ती कृपया थांबवा. साखरेवर बुरशी वाढते आणि सुकलेल्या तोंडात दातही लवकर किडतात. घोट घोट पाणी प्या, किंवा बिनसाखरेचे च्युइंगगम चालेल का ते डॉक्टरांना विचारा.

औषधांबद्दल दोन गोष्टी. क्लोट्रिमाझोलचा माउथ पेंट (तोंडात लावायचे बुरशीचे औषध) खाणे झाल्यावर लावा आणि नंतर अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका. निस्टॅटिन हे बुरशीचे औषध दिले असेल, तर क्लोरहेक्सिडिनची (जंतुनाशक माउथवॉशची) चूळ त्याच्या मागे-पुढे लगेच घेऊ नका, किमान अर्धा तास जाऊ द्या. दोन्ही एकत्र आली की निस्टॅटिनचा जोर कमी होतो.

"ती फ्लुकोनाझोलची एकच गोळी द्या" असे म्हणत अनेक जण येतात. ही बुरशीवरची पोटात घ्यायची गोळी. चिठ्ठीशिवाय आम्ही ती देत नाही. तोंडातल्या बुरशीला हे औषध बहुधा एक ते दोन आठवडे घ्यावे लागते, कॅन्डिडाच्या काही जातींवर ते चालतच नाही, आणि रक्त पातळ करणारे वॉरफरिन, शुगरच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या व किमोच्या काही औषधांशी त्याचे जमत नाही. चिठ्ठी घेऊन येताना पेशंटच्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटेही आणा. आम्ही ती तपासू आणि शंका आली तर तुमच्यासमोरच डॉक्टरांना फोन करू.