पटावर आहे, वर्गात नाही: ‘सतत गैरहजर’ या शेऱ्याची पार्श्वभूमी

‘सतत’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी चालतो. ‘आठ दिवस सतत पाऊस लागलाय’ म्हणजे न थांबता. ‘पोरगं सतत आजारी असतं’ म्हणजे वरचेवर. शाळेच्या कागदावर ‘सतत गैरहजर’ असा शेरा येतो तेव्हा शासनाला पहिला अर्थ हवा असतो. गावात, पालक सभेत आणि शिक्षकांच्या आपसातल्या बोलण्यात मात्र दुसरा चालतो. कोणत्या मुलाच्या घरी शाळेनं जायचं आणि कोणाचं नाव अहवालात घालायचं, हे या फरकावर ठरतं. ते समजायला थोडं मागे जावं लागतं, फार नाही.

सक्तीचं शिक्षण म्हटल्यावर कोल्हापुरात १९१७ कुणाला सांगावं लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांचा त्या वर्षीचा जाहीरनामा आणि १९१८ मध्ये करवीर पेट्यातल्या चिखलीत निघालेली पहिली सक्तीची शाळा हे दर २६ जूनला, शाहू जयंतीला, व्यासपीठावरून ऐकू येतंच. इथे त्यातली एकच तरतूद कामाची आहे: मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. गैरहजेरीचा जाब पालकाला, ही त्यामागची समजूत. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. तिथल्या १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्यातही सक्तीचा रोख पालकावरच होता. ज्या घरात दंडाला रुपया नाही, त्याच घरातलं पोर बहुधा घरी राहतं, हा पेच दोन्हीकडे होता.

नव्वदच्या दशकात दिशा उलटली. दंडाऐवजी आमिष आलं. १९९२ पासून पहिली ते चौथीतल्या अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांतल्या मुलींना हजेरीच्या प्रत्येक दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता मिळू लागला. अट ७५ टक्के हजेरीची, वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये. (१९१७ चा दंडही रुपयाचाच होता, हा योगायोग.) १९९५ मध्ये पोषण आहार आला तो शिजवलेला नव्हता. महिन्याला ३ किलो तांदूळ पिशवीत घालून घरी न्यायचा, अट ८० टक्के हजेरीची. अशा अटींचा परिणाम हजेरीपत्रकावर होतो. शाळा २२० दिवस भरली तर ७५ टक्के म्हणजे १६५ दिवस. १६० दिवस आलेल्या मुलीचा पूर्ण भत्ता पाच दिवसांसाठी बुडायचा. मग कुणा गुरुजींच्या हातून पाच हजेऱ्या वाढल्या तर तो हिशेबाचा घोळ म्हणायचा की माणुसकी, यावर वाद घालता येईल. पण कॅटलॉग, म्हणजे हजेरीपत्रक, हे वर्गाचं चित्र न राहता लाभार्थ्यांची यादी होऊ लागलं ते तेव्हापासून. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शाळेतच खिचडी शिजू लागली, आणि टक्क्यांची अट गळाली. जो आज हजर, तो आज जेवला.

खरी उलथापालथ १ एप्रिल २०१० ला झाली. त्या दिवसापासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात ‘सक्ती’ची व्याख्याच बदलली. कलम ८ प्रमाणे सक्ती शासनावर आहे: सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा प्रवेश, हजेरी आणि आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होणं, हे शासनानं पाहायचं. कलम १० प्रमाणे मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे, पण ते मोडल्यास शिक्षा नाही. कलम २४ मध्ये शिक्षकाच्या कामांत एक ओळ आहे, जी प्रशिक्षणात सहसा घाईत वाचली जाते: पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाच्या हजेरीची, शिकण्याच्या क्षमतेची आणि प्रगतीची माहिती त्यांना द्यायची. म्हणजे गैरहजेरीबद्दल घरी बोलणं हा शिक्षकाचा चांगुलपणा नाही, ते त्याचं काम आहे. आणि घरच्यांना धाक घालायला त्याच्या हातात काहीही नाही. १९१७ च्या नेमकं उलट.

आता तो ‘सतत’ शब्द. कायदा ‘शाळाबाह्य’ हा शब्द नीट उलगडत नाही, त्यामुळे व्याख्या नियमांत आणि परिपत्रकांत शोधाव्या लागतात. केंद्राच्या व्याख्येत दाखल झाल्यावर कारण आधी न कळवता ४५ दिवस किंवा त्याहून जास्त गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य ठरतं. महाराष्ट्रात सर्वेक्षणासाठी वापरलेल्या व्याख्येत ‘सतत एक महिन्यापेक्षा अधिक काळ अनुपस्थित’ असे शब्द आहेत. ४५ की ३०, यावर बैठकांत पुष्कळ चर्चा होते. पण आकड्यापेक्षा अडचण ‘सतत’मध्ये आहे.

समजा एखादी चौथीतली मुलगी सोमवारी येते, मग धाकट्या भावाला सांभाळायला थांबते, पंधरा-अठरा दिवसांनी परत एकदा येते. वर्षभर असंच चाललं तर २०० दिवसांत ती जेमतेम १५ दिवस शाळेत असेल. पण सलग महिना ती कधीच गैरहजर नाही. प्रत्येक वेळी घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. कागदोपत्री ती शाळाबाह्य नाही, तिला विशेष प्रशिक्षण लागू नाही, कुठल्याही शोधमोहिमेच्या यादीत तिचं नाव नाही. आईबापांबरोबर ऊसतोडीच्या फडावर गेलेलं पोर मात्र एका महिन्यात यादीवर येतं. व्याख्या त्याला अचूक पकडते, कारण त्याची गैरहजेरी सलग असते. घरातच अडकलेली मुलगी मात्र तिच्यातून निसटते.

शिवाय महिना मोजायचा कसा? दिवाळीची सुट्टी मोजायची की फक्त कामाचे दिवस धरायचे? सुट्टीच्या चार दिवस आधी गावाला गेलेलं मूल सुट्टीनंतर तीन आठवडे दिसलं नाही, तर कॅलेंडरानं महिना कधीच उलटलेला असतो, हजेरीपत्रकात मात्र वीस-बावीसच रकाने भरतात. केंद्राच्या व्याख्येतला ‘न कळवता’ हा भागही निसरडा आहे. ‘गावाला आलोय, यात्रा झाली की येतो’ असा पालकाचा एक फोन झाला, की तो कळवल्यात जमा धरायचा का? एक शाळा धरते, दुसरी धरत नाही. दोघींचे आकडे एकाच तक्त्यात शेजारी बसतात.

वर्गाची सरासरी या सगळ्यावर आणखी पांघरूण घालते. तीस मुलांचा वर्ग, महिन्यात २४ कामाचे दिवस, म्हणजे ७२० हजेऱ्या अपेक्षित. त्यातल्या ६१२ लागल्या तर ८५ टक्के, कुणीही समाधानानं मान डोलवेल असा आकडा. पण चुकलेल्या १०८ हजेऱ्यांपैकी ७२ फक्त चार मुलांच्या असू शकतात, प्रत्येकी १८ दिवसांच्या. उरलेल्या सव्वीस जणांचे मिळून ३६ दिवस, ते सर्दी-तापाचे आणि पाहुण्याच्या लग्नाचे. वर्गाचा टक्का उभा जोडून काढतात. त्या चौघांना शोधायचं तर कॅटलॉग आडवा वाचावा लागतो, एकेका नावाची ओळ धरून. महिनाअखेरीला एवढं केलं तरी पुरतं, दहा मिनिटांचं काम आहे. पण वर पाठवायच्या नमुन्यात उभ्याच बेरजा मागितल्या जातात.

नाव पटावरून कमी करायचं, हा जुना उपाय आता सहसा कुणी करत नाही, त्यालाही कारण आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली, एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावली गेली, आणि पटावरचे अनेक विद्यार्थी फक्त कागदावरच असल्याचं उघड झालं. पुढे प्रत्येक मुलाची ऑनलाइन नोंद आली. तरी शिक्षकांची पदं आजही पटावरच ठरतात. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. ज्या शाळेचा पट ६१ आहे, तिथे एक नाव गेलं की एक शिक्षक गेला. अशा शाळेतले मुख्याध्यापक ‘सतत गैरहजर’ हा शेरा मारताना दहादा विचार करतील, यात नवल नाही. त्यांना नावं ठेवण्याआधी तिसऱ्या शिक्षकाविना पाच वर्ग कसे चालवायचे, हेही सांगायला हवं.

पट पक्का होतो तो ३० सप्टेंबरचा. उसाचा हंगाम सुरू होतो त्यानंतर, दिवाळीच्या आगेमागे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कोल्हापूरकडे येतात, कारखान्याच्या अड्ड्यावर किंवा फडाशेजारी खोपी पडतात, आणि मार्च-एप्रिलपर्यंत मुलं इथे असतात. पूर्वी त्यांच्यासाठी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा भरायच्या. शिक्षण हक्क कायद्यानंतर त्या मागे पडल्या आणि धोरण ठरलं, की मुलांना जवळच्या नियमित शाळेत घ्यायचं, किंवा मूळ गावी हंगामी वसतिगृहात ठेवून आईबापांनाच एकटं पाठवायचं. तत्त्व म्हणून हे योग्यच, वेगळी शाळा म्हणजे कमी प्रतीची शाळा होते. व्यवहारात मात्र नोव्हेंबरात आलेल्या मुलाचं पुस्तक आणि गणवेश मूळ शाळेच्या नावावर वाटून झालेले असतात. फड आज एका शिवारात, पंधरा दिवसांनी दुसऱ्या. तोड पहाटे सुरू होते, तेव्हा शाळेच्या वेळी मुलाला पोचवायला खोपीत मोठं माणूसच नसतं. शिक्षण हमी कार्ड आलं ते यासाठी: मूळ शाळेनं निघताना मुलाच्या हाती द्यायचं, इथल्या शाळेनं दाखल्यासाठी अडवायचं नाही, परत जाताना हजेरीची नोंद करून द्यायची. अडचण अशी, की टोळी कधी हलणार ते मुकादमाला ठाऊक असतं, शाळेला नाही. मूल सोमवारी आलं नाही की कळतं, रविवारी रात्री गाड्या भरल्या. तेव्हा कार्ड कपाटातच असतं. ज्या शाळा मुकादमाचा नंबर पहिल्या दिवशीच घेऊन ठेवतात, त्यांची कार्डं वेळेवर हातात पडण्याची शक्यता वाढते.

घर आणि शाळा यांच्यातल्या बांधणीचा इतिहास त्यामानाने छोटा आहे. ग्रामशिक्षण समिती, माता-पालक संघ, पालक-शिक्षक संघ अशी नावं येत गेली. २०१० पासून शाळा व्यवस्थापन समिती आली: तीन-चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या स्त्रिया, अध्यक्ष पालकांतून, सचिव मुख्याध्यापक, दरमहा बैठक. शाळेत न येणाऱ्या मुलांचा पाठपुरावा हे तिचं एक मूळ काम. प्रत्यक्षात अजेंड्यावर बांधकाम, शौचालय आणि पाण्याची टाकी वर राहतात, कारण त्यात खर्चाच्या सह्या असतात. सभा सकाळी अकराला लावली तर शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेला बाप आणि भांगलणीला गेलेली आई, दोघंही येत नाहीत. मग ‘पालक उदासीन’ असं इतिवृत्तात येतं. हीच सभा संध्याकाळी डेअरीला दूध घालून झाल्यावर घेतली तर चित्र वेगळं दिसतं. हुपरीत घरोघरी चांदीचं काम चालतं आणि इचलकरंजीत माग, तिथल्या वेळा पुन्हा निराळ्या.

मार्च २०२० नंतर दीड वर्षाहून जास्त काळ पहिली ते चौथीचे वर्ग बंद राहिले, तेव्हा शाळा पहिल्यांदाच पूर्णपणे घरावर अवलंबून राहिली. व्हॉट्सअ‍ॅप गट तेव्हाचे. पुढे शाळापूर्व तयारीचे मेळावे आले, सात टेबलं मांडून, शेवटच्या टेबलावर पालकांशी बोलणं, आणि वस्तीतल्या आयांचे माता गट. या गटांकडून हजेरीची खबर आपोआप मिळू लागली, जी पूर्वी घरभेटीशिवाय मिळत नसे. गटावरचा निरोप मात्र बापाच्या मोबाइलवर जातो आणि तो रात्री आठला घरी येतो. म्हणून तिसऱ्या दिवशी फोन, तोही शेजारणीचा नंबर धरून, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी घरी, हा क्रम बऱ्याच शाळांना जमतो. घरी गेल्यावर ‘का पाठवला नाही’ असं विचारलं की दार बंद होतं. ‘बरं आहे ना पोराला’ म्हटलं की चहा येतो आणि कारणही: जुलैत रोप लावण, आजीचं दुखणं, फाटलेलं दप्तर, किंवा वर्गात कुणी चिडवलं. शेवटचं कारण फोनवर कधीच सांगितलं जात नाही.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी आणखी एक गुंता घातला. पहिली सक्तीची शाळा निघाली ती चिखली पंचगंगेच्या काठावरच, आणि दोन्ही वेळा गाव रिकामं करावं लागलं. शिरोळ तालुक्यातही गावंच्या गावं हलली. शाळाच निवारा झाली, की ते दिवस सुट्टीचे, हजेरीचा प्रश्न येत नाही. पाणी उतरल्यावर शाळा लगेच भरते, पण घरातला गाळ काढणं, भिजलेलं धान्य वाळवणं आणि पंचनाम्याला थांबणं यात घरचे आणखी दोन आठवडे जातात. त्या दिवसांत मुलं गैरहजरच लागतात. कॅटलॉगात त्यांच्यासाठी वेगळी खूण नाही.