धर्मादाय सोडत (बेळगाव सीमाभाग)

देऊळ, शाळा, तालीम किंवा गणेशोत्सव मंडळ यांच्या निधीसाठी कूपने विकून काढलेली बक्षिसांची सोडत. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात तिला सर्रास ‘लकी ड्रॉ’ म्हणतात. निधीसाठीची हाऊजी (पुकारलेले आकडे तिकिटावर खोडायचा खेळ) आणि बक्षीस-भिशी ही तिचीच भावंडे.

तिकिटाला पैसे, निकाल नशिबावर आणि हाती बक्षीस, ही तिन्ही जमली की ती लॉटरी ठरते. कूपनावर ‘देणगी’ छापून सुटका होत नाही. कार्यकर्ते फसतात ते नेमके इथे. राज्याची नसलेली किंवा राज्य सरकारने परवानगी न दिलेली सोडत काढण्यासाठी जागा चालवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हा असून सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जाहिरात करणाऱ्यालाही दंड आहे, तेव्हा फ्लेक्सवर झळकण्याची हौस असणाऱ्यांनी हे कलम आधी वाचलेले बरे. पैसे लावून खेळायच्या नशिबाच्या खेळांना कर्नाटक पोलीस कायदा, १९६३ लागू होतो.

कर्नाटकाने २००७ मध्ये लॉटरी बंद केली. महाराष्ट्राची राज्य लॉटरी १९६९ पासून चालू आहे. त्यामुळे चंदगड तालुक्यातल्या शिनोळीत जे तिकीट विकणे कायदेशीर, तेच हद्दीपलीकडे बेळगावात विकणे बेकायदा. अर्थात ही सवलत शासकीय लॉटरीची. मंडळाच्या कूपनांना ती शिनोळीतही आपोआप मिळत नाही.

बक्षीस-भिशीत दरमहा हप्ता भरायचा, ज्याचा नंबर लागेल त्याला वस्तू आणि पुढचे हप्ते माफ. या प्रकाराला १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. धर्मादाय व शैक्षणिक संस्थांना त्यातून सूट मिळू शकते. पण त्यासाठी राज्य सरकारने रिझर्व्ह बँकेशी विचारविनिमय करून त्या संस्थेची अधिसूचना काढावी लागते. गल्लीतल्या मंडळाच्या आवाक्यातली ही गोष्ट नव्हे.

बक्षीस मिळाले नाही म्हणून पैजेच्या व्यवहारावर दावा लावता येत नाही (करार कायदा, कलम ३०). लॉटरीच्या बक्षिसावर ३० टक्के आयकर वेगळाच.

सरळ मार्गही आहेत. कूपन फुकट वाटले, तर पैसे घेण्याचा मुद्दाच उरत नाही. विसर्जनाआधी प्रसादाच्या नारळाचा लिलाव पुकारला, तर सर्वांत मोठी बोली लावणारा तो नेतो. त्यात नशीब नाही, म्हणून लॉटरीही नाही. रक्कम मात्र पावती फाडूनच घ्यावी.