शब्दजातिबदल, इंग्रजीतील

एखाद्या शब्दाला कोणताही प्रत्यय न लावता आणि त्याचे मूळ रूप न बदलता तो दुसऱ्या जातीचा शब्द म्हणून वापरण्याची इंग्रजी भाषेतील प्रक्रिया. ‘वॉटर’ हे एरवी नाम, पण ‘वॉटर द प्लँट्स’ म्हणताच ते क्रियापद होते. मराठीत हेच सांगायचे तर पाण्याला ‘घालणे’ जोडावे लागते. मूळ शब्दाला अदृश्य प्रत्यय लागला आहे असे मानून काही भाषाभ्यासक या प्रक्रियेचा शून्य-प्रत्ययाने झालेली शब्दसिद्धी असा उल्लेख करतात.

या प्रक्रियेचा आवाका ‘राउंड’ या एकाच शब्दावरून ध्यानात येतो. ‘अ राउंड टेबल’मध्ये तो विशेषण आहे, ‘अ राउंड ऑफ टॉक्स’मध्ये नाम, ‘द कार राउंडेड द कॉर्नर’मध्ये क्रियापद आणि ‘टर्न राउंड’मध्ये क्रियाविशेषण, ‘वॉक राउंड द पार्क’मध्ये तो मराठीतील शब्दयोगी अव्ययाचे काम करतो, फक्त नामानंतर न जोडता नामाच्या आधी उभा राहतो. ‘शब्दाची जात ओळखा’ हा शाळेतला प्रश्न अशा शब्दाबाबत वाक्य दिल्याखेरीज विचारताच येत नाही. ‘अ’ किंवा ‘द’ यांच्यानंतरची जागा साधारणपणे नामाची किंवा त्याच्या विशेषणाची आणि ‘कॅन’सारख्या सहायक क्रियापदानंतरची जागा क्रियापदाची, अशा ठरावीक क्रमावरूनच वाचक शब्दाची जात ओळखतो.

इंग्रजी पूर्वी अशी नव्हती. जुन्या इंग्रजीत प्रेम या अर्थाचे नाम ‘लुफु’ आणि क्रियापद ‘लुफियन’ असे वेगळे होते. अंत्य अक्षरे पाहूनच जात कळत असे. आघात नसलेली ही अंत्य अक्षरे हळूहळू अस्पष्ट होत गेली, १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर दरबार व लेखनाची भाषा फ्रेंच व लॅटिन झाल्यावर या झिजेला आवर घालणारी लेखनपरंपराही दुबळी झाली, आणि पंधराव्या शतकापर्यंत दोन्ही शब्द मिळून एकच ‘लव्ह’ उरला. ‘आन्सर’, ‘ड्रिंक’, ‘स्लीप’ या जोड्यांचेही असेच झाले. म्हणजे आरंभी हा कोणी योजलेला बदल नव्हता, ती नुसती झीज होती. परंतु नाम आणि क्रियापद एकसारखे दिसू शकतात हे एकदा अंगवळणी पडल्यावर भाषकांनी तोच साचा मुद्दाम वापरायला सुरुवात केली. शेक्सपिअरच्या ‘दुसरा रिचर्ड’ या नाटकात बंड करून आलेला पुतण्या ‘अंकल’ म्हणून आर्जव करू लागतो तेव्हा यॉर्कचा ड्यूक त्याला ‘अंकल मी नो अंकल’ असे फटकारतो. मराठीत आपण ‘मला काका काका करू नकोस’ म्हणू. शब्दाची द्विरुक्ती करून पुढे ‘करू’ जोडू. इंग्रजीला तेवढीही जोड लागत नाही.

नामापासून झालेल्या क्रियापदाचा अर्थ मात्र नामावरून निश्चित सांगता येत नाही. ‘बॉटल’ म्हणजे बाटलीत भरणे, ‘हॅमर’ म्हणजे हातोडीने ठोकणे, ‘स्किन’ म्हणजे कातडे काढणे. ‘डस्ट’ तर परस्परविरुद्ध दोन्ही अर्थ देते: टेबल ‘डस्ट’ करताना धूळ झटकायची असते आणि केक ‘डस्ट’ करताना त्यावर पिठीसाखर भुरभुरायची असते.

असे साधित क्रियापद नियमित रूपेच घेते, हा त्याचा लक्षणीय विशेष होय. घंटा वाजणे या अर्थाच्या ‘रिंग’चा भूतकाळ ‘रँग’ आहे. पण वर्तुळ या अर्थाच्या नामापासून आलेल्या ‘रिंग’चा, म्हणजे वेढण्याचा, भूतकाळ ‘रिंग्ड’ होतो. बेसबॉलमध्ये उंच उडालेला चेंडू झेलला जाऊन बाद झालेल्या फलंदाजाविषयी बोलताना ‘फ्ल्यू’ऐवजी ‘फ्लाइड आउट’ म्हणतात, कारण ते क्रियापद चेंडूच्या ‘फ्लाय’ या नामावरून आले आहे.

काही जोड्यांत लेखन तेच राहून उच्चार बदलतो. ‘रेकॉर्ड’, ‘पर्मिट’, ‘ऑब्जेक्ट’ यांत नामाचा आघात पहिल्या अक्षरावर आणि क्रियापदाचा दुसऱ्यावर पडतो. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नसल्यामुळे मराठी भाषकांच्या इंग्रजी बोलण्यात हा भेद बहुधा पुसला जातो. वाक्यरचना सावरून घेत असल्याने त्यावाचून फारसे अडत नाही.

विशेषणाचे नाम होणे इंग्रजीत अनेकदा अर्धवट राहते. ‘द पुअर’ म्हणजे गरीब लोक, पण त्याला अनेकवचनाचा ‘एस’ लागत नाही; ‘ड्रंक’चे मात्र ‘ड्रंक्स’ होते, म्हणजे ते पुरते नाम झाले आहे. ‘शहाण्याला शब्दाचा मार’ या म्हणीत मराठी विशेषणही नाम होते, पण तेथे सामान्यरूप आणि विभक्ती त्याची साक्ष देतात.

अशा नव्या क्रियापदांवर आक्षेपही जुनेच आहेत. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८९ मध्ये कोशकार नोआ वेब्स्टर यांना पाठवलेल्या पत्रात ‘नोटिस’, ‘अ‍ॅडव्होकेट’ आणि ‘प्रोग्रेस’ यांच्या क्रियापद म्हणून होणाऱ्या वापराबद्दल नापसंती कळवली होती. तिन्ही आज सर्वमान्य आहेत. ‘गूगल’ हे क्रियापद २००६ मध्ये ऑक्सफर्ड इंग्रजी कोशात दाखल झाले.

संगणकाला इंग्रजी वाचायला शिकवताना ही लवचीकता अडचणीची ठरली. ब्राउन विद्यापीठाच्या सुमारे १० लाख शब्दांच्या संग्रहात एकाहून अधिक जाती संभवतात असे वेगवेगळे शब्द साधारण एक-नवमांशच आढळले. पण तेच शब्द वारंवार येत असल्याने एकूण मजकुराचा सुमारे ४० टक्के भाग त्यांनी व्यापला होता.

मराठीत आलेल्या इंग्रजी शब्दांबाबत हा प्रश्न बहुधा उद्भवत नाही. ‘फोन’ मुळात नाम आणि ‘सेव्ह’ मुळात क्रियापद असले, तरी मराठी भाषक दोहोंनाही ‘करणे’ जोडतो आणि काळ, पुरुष, वचन यांचा सगळा भार त्या ‘करणे’वर टाकतो.