ओमोरीत राहायचं तर: कोमिंका वेगळं, ऱ्योकान वेगळं

जपानच्या शिमाने प्रांतात इवामी गिन्झान ही चांदीची जुनी खाण आहे. तिचं काम १९२३ साली थांबलं, २००७ साली तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. खाणीच्या पायथ्याशी, अरुंद दरीत, तांबूस कौलांचं ओमोरी गाव आहे. तिथली काही जुनी घरं दुरुस्त करून पाहुण्यांसाठी उघडली आहेत. अशा जुन्या पारंपरिक घरांना कोमिंका म्हणतात. त्यांना सरसकट ‘ऱ्योकान’, म्हणजे पारंपरिक जपानी अतिथिगृह, म्हणणं आता थांबायला हवं, कारण या घोळात माणूस रात्री उपाशी राहतो.

ऱ्योकान बहुतेकांना ठाऊक असतं: तातामी म्हणजे जमिनीवरच्या जाड चटया, युकाता म्हणजे सुती झगा, सामायिक स्नानगृह, संध्याकाळी खोलीत अंथरूण घालून जाणारी बाई. कोमिंकातही तातामी असते, शोजी म्हणजे कागदी सरकती दारं असतात, डोक्यावर काळ्या पडलेल्या तुळया असतात. फोटोंवरून फरक कळणार नाही.

घर किती जुनं, हा एक प्रश्न. तिथे तुमचं करणार कोण, हा दुसरा. फोटो फक्त पहिल्याचं उत्तर देतात आणि लोक तेवढ्यावर बुकिंग करतात. ऱ्योकानचा दर सहसा माणशी असतो आणि त्यात रात्रीचं जेवण व न्याहारी धरलेली असते. याला ‘इप्पाकु निशोकु’ म्हणतात. कोमिंका बहुधा ‘इत्तो-गाशी’ मिळतं, म्हणजे अख्खं घर तुमच्या ताब्यात, आणि पुष्कळदा ‘सुदोमारी’, म्हणजे जेवणाशिवाय. किल्ली कधी दुसऱ्याच इमारतीतून घ्यायची असते. अंथरूण तुम्हीच घालायचं, सकाळी तुम्हीच उचलायचं, कचराही तुम्हीच वेगवेगळा करायचा. रात्री नळ बिघडला तर फोन करायचा; हाकेला ओ द्यायला घरात कोणी नसतं.

पण कोमिंका म्हणजे जेवण नाहीच, असंही धरू नका. ओमोरीतच ताक्यो आबेके हे सामुराई घराण्याचं जुनं घर आहे; तिथे पाहुण्यांना जेवण मिळतं. म्हणून घराचं वय बघून काही ठरवू नका. बुकिंगच्या पानावर वरच्या तीन शब्दांपैकी कोणता आहे ते शोधा. सापडला नाही तर विचारा.

सुदोमारी असेल तर सगळी तयारी गावात शिरण्याआधी करायची. ओमोरीत चोवीस तास उघडी दुकानं नाहीत आणि खाण्याच्या बहुतेक जागा दुपारपुरत्या चालतात. रेल्वेचं स्थानक ओदाशी, म्हणजे ओदा शहराचं. तिथून बसने साधारण अर्धा तास. तांदूळ, भाजी, अंडी, दूध ओदातच घ्या. स्वयंपाकघराबद्दल नेमकं विचारा: शेगडी आहे का, भाताचा कुकर आहे का, की नुसती किटली आणि मायक्रोवेव्ह? शाकाहारी माणसाला शेगडी असलेलं कोमिंका ऱ्योकानपेक्षा कितीतरी सोयीचं, कारण ऱ्योकानच्या जेवणात जवळपास प्रत्येक रश्श्याला माशाचा दाशी, म्हणजे अर्क, असतो. तो नको असेल तर बुकिंग करतानाच कळवावं लागतं. दारात पोचल्यावर सांगून उपयोग नाही. मात्र खमंग फोडणीचा मोह आवरा. वास मातीच्या भिंतींत आणि तातामीत मुरतो.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. जुन्या दारांची चौकट पावणेसहा फुटांच्या आसपास असते, उंच माणसाने मान वाकवावी. तातामीवर चाकांची बॅग ओढू नये, सपाताही घालू नयेत. फुतोन, म्हणजे झोपायची गादी, दिवसभर पसरून ठेवला तर खाली दमट होऊन बुरशी धरते. हिवाळ्यात एकपदरी काचांच्या घरात थंडी खरीखुरी असते; रॉकेलचा हीटर दिला असेल तर तासाला एक-दोनदा खिडकी उघडून हवा खेळवा, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड साचतो.

आणि कुमागाई घराण्याचा मोठा वाडा बघून ‘इथे राहता येतं का’ विचारू नका. १८०० सालच्या आगीनंतर पुन्हा बांधलेलं ते व्यापाऱ्याचं घर आता संग्रहालय आहे.

माझं मत ठाम आहे. दोन रात्री असतील तर ओमोरीत कोमिंका घ्या. दिवसाचे पाहुणे परतल्यावर गल्ली मोकळी होते, आणि गावापासून दोनेक किलोमीटरवरच्या र्‍यूगेन्जी माबू या खाणीच्या बोगद्यापर्यंत सकाळीच चालत जाता येतं. एकच रात्र असेल आणि पोचायला संध्याकाळ होणार असेल, तर युनोत्सूला उतरा. हे जुनं बंदरही त्याच वारशाचा भाग आहे, सान-इन रेल्वेमार्गावर त्याचं स्वतःचं स्थानक आहे, आणि तिथे गरम पाण्याच्या झऱ्यांलगत खरीखुरी ऱ्योकानं आहेत. फक्त गाड्या मोजक्या असतात. जेवण बहुधा सहा-साडेसहाला मांडतात, तेव्हा त्याआधी पोचवणारी गाडी बघूनच खोली ठरवा.