जनगणनेतला स्थलांतरित आणि नमुना पाहणीतला अल्पकालीन स्थलांतरित

स्थलांतराच्या अर्थशास्त्रात नव्याने संशोधन करणाऱ्या मुलामुलींना समीकरणं चांगली येतात. गफलत होते ती त्याआधी, व्याख्येपाशी. जनगणनेतला स्थलांतरित आणि राष्ट्रीय नमुना पाहणीतला (काही निवडक घरांत जाऊन होणाऱ्या सरकारी पाहणीतला) अल्पकालीन स्थलांतरित एकच समजून दोघांची तुलना केली जाते.

जनगणना विचारते: जन्म कुठला, आणि याआधी राहायला कुठे होता? मोजणीच्या ठिकाणापेक्षा उत्तर वेगळं आलं की माणूस स्थलांतरित, मग येऊन चाळीस वर्षं का झालेली असेनात. 2011 साली असे सुमारे 45 कोटी लोक निघाले, आणि त्यांत लग्न होऊन सासरी आलेल्या बायकाच फार मोठ्या संख्येने आहेत. बीड जिल्ह्यातल्या केजला जन्मलेली आणि शेजारच्या धारूरला नांदणारी आजीबाईही त्यात आली. शिवाय मजुरी किती मिळते, हे जनगणना विचारतच नाही.

नमुना पाहणीच्या 64व्या फेरीत (2007-08) अल्पकालीन स्थलांतरित म्हणजे कामासाठी किंवा कामाच्या शोधात वर्षभरात एक ते सहा महिने बाहेर राहून आलेला. ग्रामीण लोकसंख्येत हे प्रमाण 1.7 टक्के निघालं. त्याच फेरीत नेहमीचं राहण्याचं ठिकाण बदललेला स्थलांतरितही वेगळा मोजलेला आहे. एकाच विदेत (डेटात) दोघं भेटतात, म्हणून तर घोटाळा होतो.

बीडचा ऊसतोड मजूर घ्या. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन नवरा-बायकोचा कोयता (ऊसतोडीची जोडी) दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतो आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परततो. जनगणनेची मोजणी फेब्रुवारीत, म्हणजे ऐन हंगामात होते. नियमाप्रमाणे हे जोडपं कारखान्याजवळच्या कोपीत (झोपडीत) मोजलं जायला हवं. नमुना पाहणीवाला जानेवारीत गावी गेला, तर दाराला कुलूप. अशा वेळी त्या घराऐवजी दुसरं घर घेतलं जातं. घरातला एकटा पोरगा पुण्याला गेला असेल, तर त्याची माहिती द्यायला आई-बाप असतात. अख्खं बिऱ्हाडच गेलं, तर सांगणार कोण? हंगाम सात महिने लांबला, तर तो मजूर सहा महिन्यांच्या मर्यादेबाहेरही जातो. माझ्या मते 1.7 टक्के हा आकडा कमी भरतो, आणि कमी भरतो तो नेमका सगळ्यांत गरीब कुटुंबांच्या बाबतीत.

म्हणून "स्थलांतरित सुस्थितीत असतात" हे कायमचं ठिकाण बदललेल्यांबाबत आणि "स्थलांतरित भूमिहीन, गरीब असतात" हे अल्पकालीन स्थलांतरितांबाबत, अशी दोन्ही विधानं आपापल्या व्याख्येत खरी ठरू शकतात. शहरं कशी वाढली, कुठल्या जिल्ह्यातून कुठे माणसं गेली, यासाठी जनगणना घ्यावी. गरिबी, जमीन यांचा हंगामी कामाशी संबंध तपासायचा, तर नमुना पाहणी घ्यावी, पण मुलाखत कुठल्या महिन्यात झाली तो रकाना आधी पाहावा. मराठवाड्यावर काम करणाऱ्याने पट्टा पडल्यावर, मे-जूनमध्ये, स्वतः गावात जाऊन शंभरेक घरांची यादी करावी आणि मगच त्या आकड्यांवर बोलावं.