काकांची बायपास आणि एकोणतीसचा पाढा

इंदूरमध्ये बायपास म्हटलं की आधी राऊ ते मांगलियाचा रस्ताच डोळ्यासमोर येतो. त्यामुळे काकूंचा फोन आला, "अरे, काकांची बायपास ठरली," तेव्हा मी अर्धवट झोपेत म्हणालो, "ठरली म्हणजे? रोजच जातात की सायकलवर." पलीकडे दोन सेकंद शांतता आणि मग काकू रडायलाच लागल्या. बायपास रस्त्याची नव्हती, हृदयाच्या ऑपरेशनची होती.

काका म्हणजे वय ५८, घर रामबागेत, चौदा-पंधरा वर्षं झाली सायकल चालवतायत. रविवारी महू, जोर असला तर पुढे पातालपाणीच्या धबधब्यापर्यंत, येताना पोहे-जिलबी. शेवटचे दोन-तीन महिने चढावर छाती आवळल्यासारखी व्हायची आणि सपाटीला आलं की जायची, आणि ह्या माणसाने त्याचं खापर जिरावणवर, म्हणजे पोह्यांवर भुरभुरवतात त्या मसाल्यावर, फोडलं. अ‍ॅसिडिटी म्हणे. अहो, अ‍ॅसिडिटीला चढ आणि उतार कसा कळेल?

हृदयाला मात्र कळतो, आणि तो का कळतो हे मला सगळ्या प्रकरणात सर्वात भारी वाटलेलं आहे. आपले हातापायाचे स्नायू आरामात असताना रक्तातला साधारण पाव भाग ऑक्सिजनच उचलतात, बाकीचा शिल्लक राहतो, गरज पडली की ते जास्त उचलू शकतात. हृदयाच्या स्नायूकडे ही शिल्लकच नाही. तो तुम्ही सोफ्यावर बसलेले असतानाही मिळालेल्या रक्तातला ७० टक्क्यांच्या वर ऑक्सिजन काढून घेतो. म्हणजे चढावर जास्त ऑक्सिजन हवा असेल तर एकच मार्ग उरतो, रक्तच जास्त आणायचं. स्वस्थ बसलेले असताना हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांमधून मिनिटाला अंदाजे पाव लिटर रक्त जातं, जोराच्या व्यायामात ते चार-पाच पट व्हायला लागतं. धमनी ७० टक्के बुजलेली असेल तर सपाटीवर भागतं, चढावर भागत नाही. झालं, छाती आवळली.

इंदूरकराला हे वेगळं समजवायला नको. आपली नर्मदा मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सत्तर किलोमीटर पंप करत वर माळव्यात येते. जलूदचा पंप कितीही दणकट असू द्या, त्या पंपाला लागणारी वीजच कमी दाबाने आली तर तो काय करणार? काकांचा पंप चांगला होता, त्याची वीज येण्याची वायर खराब होती.

बायपासमध्ये डॉक्टर ती बुजलेली धमनी साफ करत नाहीत, ती तशीच राहते, तिच्या पुढच्या बाजूला नवीन रस्ता जोडतात (आपल्या बायपाससारखंच, गावातली ट्रॅफिक जिथल्या तिथे). पायातली शीर काढून हे करायची पद्धत क्लीव्हलंडमध्ये रेने फावालोरो ह्या अर्जेंटिनाच्या सर्जनने १९६७ पासून रुळवली, भारतात पहिली बायपास १९७५ मध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी मद्रासच्या पेरांबूर रेल्वे हॉस्पिटलमध्ये केली. काकांना तीन ग्राफ्ट, म्हणजे असे तीन जोडरस्ते, लागले. दोन पायाच्या शिरेचे, एक छातीच्या आतल्या डाव्या धमनीचा. ही छातीतली धमनी म्हणजे लॉटरीच आहे, दहा वर्षांनंतरही दहापैकी नऊ किंवा जास्तच चालू सापडतात. पायाच्या शिरेचं तसं नाही, तिला हळू, कमी दाबाने परत येणाऱ्या रक्ताची सवय, एकदम धमनीच्या दाबाला जुंपलं की ती आतून जाड होत जाते आणि दहा वर्षांत जवळपास निम्म्या बंद तरी पडतात नाहीतर खराब होतात. म्हणून ऑपरेशन झालं म्हणजे रोग गेला असं नाही, आणि म्हणूनच नंतर गोळ्या आणि व्यायाम दोन्ही लागतात.

डिस्चार्जच्या दिवशी काकांनी पहिला प्रश्न काय विचारावा? "सायकल कधी?" डॉक्टर म्हणाले, "आधी जिना."

घरी आल्यावर पलंगाशेजारी श्वासाच्या व्यायामाचं, चेंडूसारख्या तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं खेळणं. नळी तोंडात धरायची, श्वास आत ओढायचा, गोळ्या वर जातात. पहिल्या दिवशी पातालपाणी गाठणारा माणूस एक गोळी वर नेऊन दमला. दुसरी नुसती थरथरली. आमचा धाकटा सात वर्षांचा, त्याने हातात घेतलं आणि तिन्ही गोळ्या फट्कन वर! काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण ते खेळणं नाही हो, छाती उघडल्यावर फुप्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही, खोकायला दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, आणि मग तिथे कफ साचून न्यूमोनिया व्हायची भीती. गोळ्या वर जाणं म्हणजे ते कोपरे उघडणं. खोकला आला की उशी छातीशी कवटाळायची, हेही तेव्हाच शिकलो.

आता मुद्दा. सगळ्यांना वाटतं की हार्ट दुरुस्त झालं, आता हळूहळू "हार्ट"ला सवय करायची. खरं तर हृदयाला रक्त मिळायला ऑपरेशनच्या टेबलावरच सुरुवात झालेली असते. उशीर बाकीच्यांकडून होतो, आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं.

हाडाचं घड्याळ घ्या. छातीचं मधलं हाड उभं कापलेलं असतं आणि स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं, त्या तारा जन्मभर आतच राहतात. सहा ते आठ आठवड्यांत हाड बऱ्यापैकी धरतं, नीट पक्कं व्हायला तीन महिने धरून चला. सायकलवाल्यांना ह्यात एक खास अडचण आहे जी चालणाऱ्यांना नाही. हँडलवर वाकलं की धडाचं वजन हातांवर येतं आणि ते खांद्यातून थेट त्या हाडावर, खड्डा आला की दणका पण तिथेच. आणि पडलात तर विचारूच नका. म्हणून आधी घरात एका जागी उभी असलेली व्यायामाची सायकल, तीही ताठ बसून. काकांनी आठव्या आठवड्यात बाहेरची सायकल काढायचा घाट घातला होता, काकूंनी चाकातली हवा सोडून ठेवली. मी काकूंच्या बाजूने होतो.

रक्ताचं घड्याळ कोणी बघतच नाही. ऑपरेशनमध्ये रक्त जातं, वर सलाइनने पातळ होतं. काकांचं हिमोग्लोबिन १४ वरून १० वर आलेलं. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं, म्हणजे आधी १०० मिलिलिटर रक्तात अंदाजे १९ मिलिलिटर ऑक्सिजन यायचा तो आता १३-१४. ट्रक तेवढेच, माल दोन-तृतीयांशपेक्षा थोडा जास्त. पंपाची वायर नवी असून काय उपयोग? ही भरपाई व्हायला कित्येक आठवडे जातात आणि तोवर जिना चढताना लागणारी धाप ही बऱ्याचदा रक्ताची असते, ग्राफ्टची नाही. अर्थात हे घरी बसून ठरवायचं नसतं, धाप वाढत चालली तर डॉक्टरलाच विचारायचं.

आणि स्नायूंचं. ह्यावर १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला एक प्रयोग झाला, मला तो फार आवडतो. वीस वर्षांच्या पाच धडधाकट पोरांना तीन आठवडे नुसतं पलंगावर झोपवून ठेवलं. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, ज्याला व्हीओटू मॅक्स म्हणतात, तो तीन आठवड्यांत चौथ्या हिश्शाहून जास्त पडला. मग त्याच पाच जणांना तीस वर्षांनी परत शोधून तपासलं, तेव्हा ते पन्नाशीचे, पोटं सुटलेले. तीस वर्षांच्या वयाने त्यांचं जेवढं नुकसान केलं होतं त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या पलंगाने केलं होतं. आता लक्षात घ्या की एके काळी हार्ट अटॅकच्या पेशंटला महिना-दीड महिना पलंगावरून हलू देत नसत. बोस्टनच्या लेव्हाइन आणि लाउन ह्या दोघांनी १९५० च्या आसपास पेशंटला उचलून खुर्चीत बसवायला सुरुवात केली तर लोकांना तो खूनच वाटला. पेशंट मात्र बरे झाले. आणि १९७३ मध्ये टोरोंटोच्या डॉ. टेरेन्स कॅव्हाना यांनी आपले हार्ट अटॅक येऊन गेलेले काही पेशंट थेट बोस्टन मॅरेथॉनला नेले! आज बायपासच्या दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये चालवतात ते ह्या सगळ्याचंच फळ.

सगळ्यात जास्त भांडणं झाली ती मनगटावरच्या घड्याळाशी. काकांची आधीची आरामातली नाडी ५४. ऑपरेशननंतर नाडी मंद ठेवणारी बीटा-ब्लॉकरची गोळी चालू असूनही ८४. "मशीन बिघडलंय." नाही बिघडलेलं. हृदयाला लगाम घालणाऱ्या नसा काही आठवडे ढिल्या पडतात, त्यात रक्त कमी, मग हृदय ठोके वाढवून भरपाई करतं. उलट व्यायामात नाडी वर जात नाही कारण तीच गोळी तिला वरून दाबून धरते. २२० वजा वय हा हिशोब काकांना तोंडपाठ, १६२ येतात, आणि ते १६२ चे ८० टक्के काढून तिथे पोचायला बघायचे. पोचणार कसे? तो हिशोब मुळातच सरासरीचा आहे, निरोगी माणसातही दहा-बारा ठोक्यांनी चुकतो, आणि बीटा-ब्लॉकरवर तर काहीच कामाचा नाही. आकडा ११० दिसतो म्हणून माणूस अजून दामटतो आणि आतून शरीर कधीच ओरडायला लागलेलं असतं.

मग मोजायचं कशाने? एक म्हणजे टीएमटी, ट्रेडमिलवर ईसीजी लावून चढ वाढवत नेतात, त्यात आलेल्या खऱ्या आकड्यावरून डॉक्टर हद्द ठरवतात. काकांची तीन महिन्यांनी झाली. दुसरं म्हणजे बोर्ग स्केल, स्वीडनच्या गुनार बोर्ग यांचा, ६ ते २० आकडे, ६ म्हणजे काहीच नाही, २० म्हणजे जीव गेला. सुरुवातीला ११ ते १३ मध्ये राहायचं, "थोडं जड वाटतंय पण चालू ठेवता येईल" इतपत. आणि तिसरं सगळ्यात स्वस्त, बोलता येतंय का बघायचं. पूर्ण वाक्य बोलता आलं तर ठीक, दोन शब्दांत श्वास तुटला तर वेग कमी. काकांना बोलायला विषय कमी पडत नाहीत पण चढावर त्यांनी पाढे निवडले. शाळेत बर्व्यांच्या वर्गात छड्या खाऊन पाठ केलेला एकोणतीसचा पाढा, आता कार्डिअ‍ॅक रिहॅबला, म्हणजे ऑपरेशननंतरच्या ह्या व्यायामाला, कामाला आला.

भीतीचं पण सांगतो, कारण नातेवाईक तेच विचारतात, "व्यायामात काही झालं तर?" अमेरिकेत २००० ते २०१० मधल्या मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉनमधले एक कोटीहून जास्त धावपटू मोजले तर ५९ जणांचं हृदय बंद पडलं, म्हणजे साधारण १,८४,००० मध्ये एक, आणि बरेचसे शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात. हा आकडा सगळ्या धावणाऱ्यांचा आहे, बायपासवाल्यांचा नाही, तो स्वतःला लावून छाती फुगवू नये. पण शेवटचा टप्पा लक्षात ठेवा. घर जवळ आलं की जोर लावायची खाज सगळ्यांना असते. काकांचा नियम आता असा की शेवटची दहा मिनिटं सगळ्यात हळू, आणि छातीत, जबड्यात, डाव्या हातात काहीही आवळलं, चक्कर आली, नाडी वेडीवाकडी धडधडली तर तिथेच उतरायचं, जिरावणला दोष द्यायचा नाही.

बायपास नाही, पण हृदयात मेटलची झडप ज्यांना बसवलेली असते त्यांचं गणित थोडं वेगळं, त्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर, म्हणजे हृदयाला व्यायाम झेपेल पण सायकलवरून पडून डोक्याला लागणं महागात पडेल.

पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आम्ही इंदूरजवळच्या रालामंडलच्या टेकडीवर गेलो. फाटकापर्यंत सायकल, पुढे वर शिकारगाहपर्यंत, म्हणजे टेकडीवरच्या जुन्या शिकारीच्या वाड्यापर्यंत, पायी. डाव्या पायाची पोटरी, जिथून शीर काढली, ती अजून थोडी बधिर आहे आणि संध्याकाळी सुजते, ते त्यांनी मोजा वर ओढून झाकून टाकलं. चढ सुरू झाला तसा पाढा सुरू. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, त्रिक सत्त्याऐंशी. मी मागून, कान त्यांच्या श्वासावर. चोक एकशे सोळा. खालून कुणीतरी ओळखीचा ओरडला, "काय भिया, परत चालू?" काकांनी नुसता हात केला. पंचे एकशे पंचेचाळीस, सक एकशे चौऱ्याहत्तर, साता...

आणि थांबले. एकदम. मी दोन ढांगांत पुढे गेलो, दंड धरला, "काय होतंय? बसता का?"

काकांनी हात सोडवून घेतला. "अरे बस काय बस," म्हणाले, "विसरलो मी. दोनशे तीन ना रे?"